सांबरदादा वाट दाखवतात

सागाच्या एका जंगलात, दोन टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यात, करवंदीच्या जाळीआड एक भेकरी राहत असे. भेकर म्हणजे हरणांच्या कुळातलं धाकटं भावंड समजा. उंचीने बेताचं, रंगाने वाळक्या पानासारखं, आणि संशय आला की कुत्र्यासारखं भुंकणारं. हो मुलांनो, हरीण असून भुंकणारं! त्यातही ही भेकरी जरा जास्तच भुंकायची. पान पडलं, भुंकली. खार घसरली, भुंकली. महिन्यापूर्वी तर तिने एक लोंबती वेल पाहिली, ती बिबट्याची शेपटी आहे असं तिला वाटलं, आणि ती अशी काही भुंकली की सगळा कळप बोरीच्या काट्यांतून पळत सुटला. तेव्हापासून तिने नुसतं तोंड उघडलं तरी चितळांची पोरं खिदळत, "वेल दिसली वाटतं!"

खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही ते पटत असे. "माझं डोकंच असं आहे," ती मनाशी म्हणे, "बाकीच्या आया कशा निवांत रवंथ करत बसतात." पण तिच्या भुंकण्याला एक कारण होतं. गेल्या उन्हाळ्यात तिचं पहिलं पाडस तिच्यासोबत पाण्यावर गेलं होतं, ते परत आलं नव्हतं.

त्याचं असं होतं. पाऊस सरला की खोऱ्यातला ओढा आटे आणि खाली एकच पाणवठा उरे. तिथे कुणी कधी पाणी प्यायचं याच्या पाळ्या वनसभा ठरवत असे. सकाळची पाळी पंजेवाल्यांची, म्हणजे बिबट्या, तरस, कोल्हा यांची. तिन्हीसांजेची पाळी खुरवाल्यांची, म्हणजे चितळ, नीलगाय, भेकर यांची. ऐकायला किती सरळ वाटतं, नाही का? पण बिबट्या सकाळी पाणी पिऊन जाई आणि तिन्हीसांजेला पुन्हा येऊन पाणवठ्यावरच्या खडकावर बसे. पाणी प्यायला नव्हे, नुसता बसायला. आणि नुसतं बसायला सभेच्या नियमात मनाई नव्हती.

या वर्षी भेकरीला दुसरं पाडस झालं होतं. अजून ते दुधावर होतं. पण चैत्र लागला की दूध पुरणार नव्हतं, त्याला पाण्यावर न्यावंच लागणार होतं. भेकरी रोज सकाळी त्याच्या पाठीवरचे ठिपके चाटायची आणि चैत्राला किती दिवस उरले ते मोजायची. पाळी सकाळची झाली तर बिबट्या रात्रीची शिकार पोटभर खाऊन झोपलेला असेल. पाळी तिन्हीसांजेचीच राहिली, तर तो खडक आहेच.

पाळी बदलायची तर सभेत बोलायला हवं, आणि सभेत बोलायला या खोऱ्यातून एकच जण जात असे. आता पंजेवालेही आपला एक जण उभा करत म्हणा, पण या खोऱ्यात खुरंच एवढी होती की खुरवाले ज्याला पुढे करतील तोच शेवटी सभेत पोचे. तेव्हा खरी निवड व्हायची ती खुरवाल्यांच्या आपापसातच, दर तीन वर्षांनी, फाल्गुनात. मागच्या तिन्ही खेपांना निवडून आले होते सांबरदादा.

सांबरदादांना कोण ओळखत नव्हतं? झाडाच्या फांद्यांसारखी त्यांची शिंगं. मान ताठ. पाठीवर एक साळुंकी, ती त्यांच्या कानात सारखी काहीतरी सांगत असे. एरवी त्यांचं दर्शन दुर्मीळ, पण फाल्गुन लागला की प्रत्येक जाळीपाशी, प्रत्येक झुडपापाशी ते हजर. निवड फाल्गुनातच का, असा प्रश्न भेकरीला एकदा पडला होता. चैत्रात सांबराची शिंगं गळतात, म्हणून तर नव्हे? पण ती लगेच स्वतःवरच रागावली होती. "झालं! आता शिंगांवरही संशय."

एके दिवशी सकाळी ते तिच्याही जाळीपाशी आले.

"काय ताई, ओळख आहे की नाही?" सांबरदादा म्हणाले. "आणि हे कोण? हे आपलं..." साळुंकी कानाशी वाकली. "मुलगा," ती कुजबुजली. "हे आपले चिरंजीव! वा, वा! काय डोळे आहेत! अगदी छोटा वाघ!"

"आमच्यात तसं म्हणत नाहीत, दादा," भेकरी म्हणाली आणि पाडसाला पोटाशी घेतलं.

"हो, हो, तेच म्हणतो मी. वाघाला भिणार नाही असा!" सांबरदादा मोठ्याने हसले. त्यांच्या कपाळावर आणि शिंगांवर पांढरट माती थापलेली होती. "ही बघा, आपल्या खोऱ्याची माती. आपल्या चाटणाची. जाईन तिथे कपाळाला लावून जातो. सभेतले म्हणतात, दादा, पुसून तरी या. मी म्हणतो, ही माझी माणसं आहेत, ती कशी पुसू?"

चाटण म्हणजे खारी माती. खुरवाले ती आवडीने चाटतात. गेल्या श्रावणात टेकडीची दरड कोसळली आणि तिच्या पोटातली खारी माती उघडी पडली, तेव्हापासून सगळ्यांची चैन झाली होती.

"तुम्हाला चाटण कुणी दिलं, ताई?" सांबरदादांनी विचारलं.

"दरड कोसळली ना पावसात..."

"दरड कोसळली, बरोबर आहे. पण दरडीचा विषय सभेत काढला कुणी?"

भेकरी गोंधळली. विषय काढल्यामुळे दरड कोसळते का? की कोसळल्यावर विषय काढला? तिला वाटलं आपल्यालाच कळत नसेल. तिने धीर करून मुद्द्याचं विचारलं.

"दादा, सकाळच्या पाळीचं काय झालं? मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात. त्याच्या मागच्या खेपेलाही."

"झालंच समजा!" सांबरदादा म्हणाले. "अहो, सभा म्हणजे काय करवंदीची जाळी आहे, की शिरलं आत आणि आलं करवंद तोंडात? तिथे वजन लागतं. आज मी पहिल्या रांगेत बसतो. समोर शेजारच्या खोऱ्यातून आलेला बिबट्या, इकडे मी. उद्या नवीन कुणाला पाठवाल, तर त्याला बसवतील शेवटच्या रांगेत, पार बाभळीखाली. तिथून बोललेलं ऐकू येतं का कुणाला? आणि तुम्ही पाठवणार कुणाला? त्या चौशिंगीला? नाव चौशिंगी आणि डोक्यावर बघाल तर एक शिंग नाही!"

"शिंगं त्यांच्या नवऱ्यांना असतात," भेकरी हळूच म्हणाली. "मलाही नाहीत."

साळुंकी खाकरली.

"तुमची गोष्ट वेगळी, ताई. तुम्ही घरातल्या. ती बाई मुळात या खोऱ्यातली तरी आहे का? तिची आजी ओढ्यापलीकडून आलेली." सांबरदादांनी आवाज खाली आणला. "मी रोज तिन्हीसांजेला पाण्यावर असतो. बिबट्यासमोर छाती काढून उभा राहतो. तुमच्या घोळक्यात यायला नाही जमत कधी, पण चितळांच्या सोबत असतोच असतो. पाडसाची काळजी सोडा. मी आहे ना!"

असं म्हणून ते पुढच्या जाळीकडे वळले. ते वळले तेव्हा भेकरीच्या नाकाशी एक वास आला. कपाळावरच्या मातीचा नव्हे, खुरांचा. थंडगार शेवाळाचा वास. असं शेवाळ खालच्या पाणवठ्यावर नव्हतं. असं शेवाळ फक्त वरच्या डोहावर, सभेच्या खडकापाशी होतं, जिथे सभेत बसणाऱ्यांना हवं तेव्हा पाणी पिता येई.

भेकरीच्या घशाशी भुंकणं आलं. तिने ते गिळलं. "सभेला जातात तर खुरांना शेवाळ लागणारच," तिने स्वतःला समजावलं. "एवढा मोठा प्राणी तुझ्या दारी आला, मुलाचं कौतुक केलं, आणि तू त्याचे पाय हुंगतेस!"

पण मन काही स्वस्थ बसेना. दुपारी ती शेजारच्या चितळकाकूंकडे गेली. चितळकाकू म्हणजे सगळ्या घोळक्याच्या मोठ्या, बोलायला गोड आणि विश्वास ठेवण्यात त्याहून भोळ्या.

"आले होते की आमच्याकडेही," काकू म्हणाल्या. "माझ्या धाकटीचं नावसुद्धा घेतलं त्यांनी. तिला मोठीचं नाव लावलं म्हणा, पण घेतलं. किती आपुलकी!"

"काकू, ते रोज तिन्हीसांजेला तुमच्यासोबत पाण्यावर येतात ना?"

"आमच्यासोबत? नाही गं. ते भेकरांच्या सोबत असतात. तसं म्हणाले ते स्वतः."

"आमच्यात तर नसतात," भेकरी म्हणाली.

"मग नीलगायींच्यात असतील," काकू म्हणाल्या. "देह मोठा, तिथेच शोभतात."

भेकरी नीलगायींकडे गेली. नीलगाय रवंथ न थांबवता म्हणाली, "दादा? ते चितळांमध्ये असतात. नाही तर तुमच्यात. कुठेतरी असतीलच की. आपण पाण्यावर डोकं वर काढून बघतो थोडेच? दोन घोट प्यायचे आणि पळायचं."

बघा मुलांनो, ही गंमत. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याकडे नाहीत म्हणजे ते दुसऱ्याकडे आहेत. भेकरी धावत परत आली आणि तिने काकूंना सगळं सांगितलं. काकू हसल्या. "अगं, संशय घ्यायला तुला काय, एक वेलसुद्धा पुरते!"

दुसऱ्या दिवशी चौशिंगी मत मागायला आली. अंगाने लहानखुरी, पायांना चिखल. तिच्या पाठीवर साळुंकी नव्हती, तोंडी गोड बोल नव्हते. पाडसाकडे पाहून ती म्हणाली, "मुलगी का?"

"मुलगा."

"असं होय."

भेकरीने तिलाही सोडलं नाही. "तुम्ही तरी सकाळची पाळी आणाल का?"

"मागेन."

"मिळेल ना पण?"

"ते मला काय माहीत? मागणं माझ्या हाती आहे. देणं सभेच्या."

"आणि तोवर पोरांना पाण्यावर कसं न्यायचं?"

"जसं आज नेतो तसं. जपून." एवढं बोलून चौशिंगी निघून गेली.

भेकरीला ती मुळीच आवडली नाही. काय ही बाई! दारात मत मागायला यायचं आणि दोन खोटे शब्दही बोलायचे नाहीत म्हणजे काय? सांबरदादा निदान "मी आहे ना" म्हणाले होते. शिवाय हिचं तरी खरं कशावरून? कमी बोलतात ते सगळे चांगले असतात असं थोडंच आहे? बिबट्याही कमीच बोलतो. भेकरीने त्या दिवशी दोघांवरही संशय घेतला आणि तिसरा संशय स्वतःवर घेतला.

निवडीचा दिवस उजाडला. मोहाच्या झाडाखाली सांबरदादा उभे राहिले, समोरच्या ऐनाच्या झाडाखाली चौशिंगी. दोघांच्या पुढ्यात ओला चिखल पसरलेला होता. ज्याला जो हवा, त्याच्या पुढच्या चिखलात त्याने एक खूर उमटवायचं आणि बाजूला व्हायचं. उमटलेली खुरं मोजायला म्हातारं कासव बसलं होतं. कासवाला खुरं नसतात, म्हणून ते काम त्याच्याकडे.

पण खूर उमटवण्याआधी एक रीत होती. तिला 'वाट दाखवणं' म्हणत. सभेत जाऊ पाहणाऱ्याने पुढे चालायचं, कळपातल्या सगळ्यांत लहान, पण पायांवर धड उभ्या राहणाऱ्या पाडसांनी त्याच्या मागे, आणि असं पाण्याच्या काठापर्यंत जाऊन परत यायचं. जुन्या खुरवाल्यांनी कधीतरी ठरवलेलं, की पुढारी तो जो पुढे चालतो. सांबरदादांच्या काळात मात्र रीत जरा आखूड झाली होती. ते मोहाच्या झाडाभोवती मैदानातच एक मोठी फेरी मारत, पोरं मागे धावत, साळुंकी वरून फुलं टाके, आणि सगळे खुरं आपटत.

"चला रे बाळांनो!" सांबरदादा मान उंचावून म्हणाले. साळुंकीने चोचीत फूल धरलं.

आणि त्याच वेळी कोणीतरी भुंकलं.

सगळ्या माना वळल्या. "वेल! वेल दिसली!" चितळांची पोरं ओरडली. सगळं मैदान हसलं. भेकरीला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. पण भुंकणं बाहेर पडलं होतं, आता त्याच्यामागून शब्दही बाहेर काढायलाच हवे होते.

"दादा," ती म्हणाली, "मैदानात नको. पाण्यापर्यंत चला. पाण्यापर्यंतची रीत आहे."

"अहो ताई, ऊन किती आहे! लेकरांना त्रास होईल," सांबरदादा मायेने म्हणाले.

"त्यांना रोजच चालावं लागतं. सवय आहे."

"शिवाय ही पाळीची वेळ नाही. नियम मोडायचा का आपण?"

सगळ्यांनी कासवाकडे पाहिलं. कासवाने मान बाहेर काढली, थोडा विचार केला. "प्यायला पाळी लागते," ते म्हणालं. "वाटेवर चालायला लागत नाही. बाई म्हणते ती रीत खरी आहे."

"मग काय, चला!" सांबरदादा हसून म्हणाले. "माझ्या पायाखालची वाट आहे. डोळे मिटून जाईन."

ते निघाले. मागे गेल्या पावसाळ्यातली पाडसं, त्यांच्या मागे आया, त्यांच्या मागे सगळं खोरं. उतारावर जांभळाचं एक झाड होतं. तिथपर्यंत वाट सरळ होती. जांभळापाशी सांबरदादा न थांबता, न बघता, ऐटीत उजवीकडे वळले.

पाडसं थांबली.

त्यांना कुणी थांबवलं नाही. त्यांचे पाय आपोआपच थांबले, कारण प्रत्येकाच्या आईने श्रावणापासून कान धरून शिकवलं होतं, जांभळापासून डावीकडे. उजवीकडे जायचं नाही म्हणजे नाही. सांबरदादा एकटेच पुढे चालले होते. शिंगं उंच, बोलणं चालू. "इथूनच मी रोज येतो बरं का, याच वाटेने माझे आजोबा..." आणि साळुंकी एकाएकी किंचाळून त्यांच्या पाठीवरून उडाली.

वाट संपली होती. त्यांच्या पुढच्या खुरांखालून दगड सुटले आणि खूप खाली जाऊन आपटले. सांबरदादा कसेबसे मागे सरले. दरडीने तिथली सगळी कड कापून नेली होती.

कुणी हसलं नाही. सांबरदादा वळून परत आले, आणि मुलांनो, त्यांचं कौतुक करायला हवं, तेवढ्या वाटेत त्यांनी चेहरा पुन्हा नीट केला होता.

"पाहिलंत?" ते गरजले. "वाट तुटलेली आहे! आणि मला कुणी सांगितलं नाही! माझ्या लेकरांची वाट तुटते म्हणजे काय? सभेत पहिला विषय हाच घेतो!"

"बघा, लगेच विषय घेतला," एक नीलगाय कौतुकाने म्हणाली. दोघातिघांनी मान डोलावली. भेकरीने ते पाहिलं आणि तिची भीती एकदम ओसरली. भीतीच्या जागी तिला राग आला.

"दादा," ती म्हणाली, "ती दरड तुम्हीच आणलीत ना? चाटण उघडं पडलं ती?"

"अर्थात!"

"मग ही वाट त्याच दरडीने नेली. श्रावणात. आज फाल्गुन. मधले सगळे महिने तुम्ही रोज तिन्हीसांजेला पाण्यावर कुठून येत होतात?"

नीलगायसुद्धा रवंथ करायची थांबली.

"मला म्हणालात चितळांसोबत असतो," भेकरी म्हणाली. "काकूंना म्हणालात भेकरांसोबत. नीलगायींना काय म्हणालात ते त्यांनाच विचारा."

"दादा वरूनच पिऊन येतात की..." फांदीवरून साळुंकी त्यांची बाजू घ्यायला गेली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने चोच मिटली.

"दोघांनाही वाट दाखवायची असते," कासव म्हणालं. "आता दुसरी."

चौशिंगी पुढे झाली. ती जांभळापासून डावीकडे वळली. मान खाली, बोलणं नाही. पाडसं तिच्यामागे गेली. करवंदींच्या मधून, ओल्या खडकांच्या कडेने ती खाली उतरली, आणि पाणी दिसायच्या जरा आधी, जिथे पूर्वी जुनी वाटही येऊन मिळे अशा एका वळणावर थांबली. "इथे थांबायचं," ती पाडसांना म्हणाली. "वारा समोरून येतो. आधी वास घ्यायचा. तो तिथे बसतो, त्या पिवळ्या खडकावर. वास नसेल तरच पुढे."

भेकरी दचकली. बरोबर त्याच वळणावर गेल्या उन्हाळ्यात ती थांबली नव्हती. घाईत होती, पाडस तहानलेलं होतं. तेव्हापासून ती रोज तिथे थांबत असे, आणि तिला वाटे, असं थांबणारी जंगलात आपण एकटीच. पाण्यावर न येणाऱ्याला हे वळण ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

खुरं उमटली. कासवाने सावकाश मोजली, पुन्हा एकदा मोजली. चौशिंगीची खुरं पाच जास्त भरली. फक्त पाच! परतताना चितळकाकू भेकरीच्या कानाशी लागल्या. "खरं सांगू? मी दादांनाच दिलं. एवढं चाटण आणलं बिचाऱ्यांनी."

सांबरदादा जाताना भेकरीपाशी थांबले. हसू तेच होतं, डोळे मात्र हसत नव्हते. "बरं झालं, ताई. आता तुमची बाई बसेल बाभळीखाली. तिथून ऐकवा म्हणावं बिबट्याला."

हे बोलणं काट्यासारखं रुतलं. खरंच तसं झालं तर? आपल्या एका भुंकण्यामुळे सगळ्या खोऱ्याची पहिली रांग गेली तर? भेकरी दुसऱ्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला पाण्याच्या वाटेवरचा चिखल बघू लागली. चौशिंगीची लहान, टोकदार खुरं उमटली आहेत का? पहिल्या दिवशी होती. दुसऱ्या दिवशी होती. असे पंधरा दिवस गेले, आणि सोळाव्या दिवशी नव्हती. सतराव्या दिवशीही नव्हती. "झालं," भेकरी म्हणाली. "हिलाही डोह सापडला." चैत्र लागला होता. पाडस दूध ओढून ओढून दमे आणि तिच्याकडे बघत राही.

अठराव्या दिवशी चौशिंगी जाळीपाशी आली. धुळीने माखलेली, ओठ सुकलेले. डोहावर पाणी प्यालेल्याचे ओठ असे नसतात.

"सभेत होते," ती म्हणाली. "बाभळीखाली बसवलं. ऐकू जात नव्हतं, म्हणून उठून पुढे चालत गेले. ओरडले सगळे, पण ऐकलं."

"मग? मिळाली?"

"अर्धी. दिवसाआड. एक दिवस सकाळ आपली, एक दिवस त्यांची. उद्याची सकाळ आपली. मधल्या दिवशी तिन्हीसांजेलाच जावं लागेल. त्या दिवशी मी वळणावर उभी राहीन. उरलेली अर्धी पुढच्या सभेत मागते."

"दिवसाआडच?" चितळकाकू जाळीपलीकडून म्हणाल्या. "दादा असते तर पुरती आणली असती!"

भेकरी मात्र चौशिंगीकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिच्या दारी आलेला प्रत्येक जण पुरती बातमी घेऊन आला होता. अर्धी बातमी, तीही अर्धीच आहे असं सांगून, कुणी पहिल्यांदाच आणली होती. तिला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. सगळा नव्हे. बातमी होती तेवढाच.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात ती पाडसाला घेऊन उतारावर निघाली. जांभळापाशी उजव्या हाताला गवतात एक भलंमोठं गळलेलं शिंग पडलं होतं आणि एक साळिंदर ते निवांत कुरतडत बसलं होतं. भेकरी डावीकडे वळली. वळणावर थांबली. वास घेतला. पिवळा खडक मोकळा होता, त्याच्यावर नुसतं ऊन बसलं होतं. पाडसाने पाण्यात तोंड घातलं, नाकात पाणी गेलं म्हणून शिंकलं, आणि मग घटाघटा प्यायला लागलं.

ते पीत होतं तेवढ्यात भेकरीने काठावरच्या चिखलात पाहिलं. लहान, टोकदार खुरं उमटलेली होती. तिने नाक खाली नेऊन वास घेतला. ताजी होती, आजचीच.

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली.

तात्पर्य : निवडीच्या दिवसांत जो आपल्या दारची माती कपाळाला लावून येतो, त्याला आधी आपल्या रोजच्या वाटेवर पुढे चालायला सांगावं, आणि जो नीट चालून दाखवेल, त्याचीही पावलं निवडीनंतर रोज बघत राहावं.